किनारा मोजणाऱ्याची बायको

कोकणातल्या रस्त्यानं पायी चालणारी माणसं दोनच प्रकारची. एसटी चुकलेली आणि एसटीची वाट बघून कंटाळलेली. पाठीला पिशव्या, डोक्यावर टोप्या, हातात घडीच्या काठ्या आणि समोरून एसटी आली तरी तिला हात न करणारं साठीला टेकलेलं जोडपं या वर्गवारीत बसत नाही. त्यामुळे फेब्रुवारीत केळशीहून गणपतीपुळ्याकडे चालत निघालेल्या आम्हां दोघांचं काय करायचं, हे वाटेतल्या प्रत्येक गावाला आपापल्या बुद्धीनं ठरवावं लागलं.

मोटारसायकलवाले थांबून विचारायचे, "गाडी बंद पडली काय?" नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा, कारण त्यांच्या ओळखीचा मेकॅनिक पुढच्याच नाक्यावर असायचा. विहिरीवरच्या बायका विचारायच्या, "नवस हाय काय?" एका कंडक्टरनं तर गाडी थांबवली आणि दारात उभं राहून मला आठवण करून दिली, "वहिनी, बायकांना अर्धं तिकीट हाय!" २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तरीही एक बाई पायी चालते, म्हणजे तिला ही बातमी कुणी सांगितलेलीच नाही, असा त्याचा प्रामाणिक समज होता. "ह्यांना चालू दे, तुम्ही बसा," असा तोडगाही त्यानं काढला. तोडगा वाईट नव्हता.

हर्णैच्या अलीकडे एका आजीनं मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "भांडलाव काय गो?" तिचं काही चुकलं नव्हतं. नवरा वीस-पंचवीस पावलं पुढे, मान खाली, ओठ हलताहेत, आणि मागे वळून बघणं नाही.

"भांडलो नाही आजी. तो मोजतोय."

"काय मोजतोय?"

"किनारा."

आजीनं त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. मग कनवटीच्या चार चिंचा काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्या चिंचा सांत्वनाच्या होत्या.

नवऱ्याची नोकरीची सगळी वर्षं कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्यात गेली. त्यामुळे मोजल्याशिवाय एखादी वस्तू अस्तित्वात आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. निवृत्तीनंतर घरातलं मोजण्यासारखं सगळं मोजून झालं, डोशाची जाडीसुद्धा. मग त्याची नजर समुद्राकडे वळली. त्याला निमित्त एका बातमीचं. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर आणि महाराष्ट्राचा ७२० किलोमीटर, हे आकडे आम्ही शाळेत पाठ केले, त्यावर मार्क मिळवले आणि सुखानं विसरलो. अलीकडे केंद्र सरकारनं नवी मोजणी जाहीर केली आणि देशाचा किनारा ११,०९८ किलोमीटर निघाला. साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर वाढले, आणि समुद्र तर होता तिथेच होता. जुनी मोजणी ढोबळ नकाशावरची होती, नवी बारीक नकाशावरची. एवढाच काय तो फरक.

या बातमीनं नवरा दोन रात्री झोपला नाही. मग त्याला बेन्वा मँडेलब्रॉट सापडला. या गणितज्ञानं १९६७ साली ब्रिटनचा किनारा नेमका किती लांब, असा साधा प्रश्न विचारला आणि कशानं मोजता त्यावर ते अवलंबून आहे, असं उत्तर दिलं. लांबच लांब काठीनं मोजलं तर खाचाखोचा काठीखाली जातात आणि किनारा आखूड भरतो. काठी जितकी लहान, तितका प्रत्येक खडकाला वळसा पडतो आणि किनारा लांबत जातो. नवऱ्यानं हे सगळं मला रविवारी पोहे खाताना, बशीच्या कडेनं शेंगदाणे मांडून समजावलं.

"मग आपण कशानं मोजायचा?" मी विचारलं.

"पायांनी," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

या प्रश्नाचं उत्तर न देताच तो सामान बांधायला उठला.

त्याच्या पिशवीत नळी लावलेली पाण्याची थैली, डोक्याला बांधायचा दिवा, होकायंत्र, बॅटरीच्या दोन पेट्या आणि पावसाळ्याला चार महिने असताना रेनकोट. फोनमध्ये पावलं मोजणारं एक ॲप, भरती-ओहोटी सांगणारं दुसरं, आणि त्या दोघांवर नजर ठेवणारं तिसरं. माझ्या पिशवीत चिवडा, सुतळी, सेफ्टी पिना आणि भिंतीवरच्या कालनिर्णयचं फेब्रुवारीचं पान. आम्ही निघालो तेव्हा घरात मार्च लागला होता.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला समुद्राकाठानं ६३० मैलांची आखलेली पायवाट आहे. जागोजागी खांब, खांबांवर खुणा. नवऱ्यानं तिचे व्हिडिओ बघितले होते आणि त्याची अपेक्षा तशीच होती. आपल्याकडेही किनाऱ्यानं वाट असते. ती फक्त कुणाच्या तरी मागीलदारातून जाते.

म्हणजे असं की पुळण संपली आणि खडप सुरू झाली की वर चढायचं. सुरूच्या बनातून एक मळलेली वाट दिसते. ती जाते आगरात, माडा-पोफळींच्या ओळींमधून, पाटाच्या पाण्यावरून. पुढे गडगा, गडग्याला बेडं. बेडं सरकवून आत जायचं आणि आठवणीनं पुन्हा लावायचं, नाहीतर गुरं आत येतात आणि आपल्या सात पिढ्यांचा उद्धार बाहेर पडतो. बेड्याचा आवाज झाला की आतून खणखणीत "कोण?" येतो. कोकणातल्या किनारी वाटेवरची खूण ती हीच.

"आम्ही वाटसरू."

"ते दिसतंय. कुठले?"

"पुण्याचे."

"ते असू दे. मूळचे?"

पुण्यात कुणी मूळचं नसतं अशी कोकणाची समजूत आहे आणि ती बहुधा बरोबर आहे. मग आडनाव. आडनावावरून कुलदैवत, कुलदैवतावरून गाव, गावावरून कुणाची तरी चुलत आजी, आणि ती चुलत आजी ह्याच घराण्यातून गेलेली. आता उभ्या-उभ्या कसं जाता? ओटीवर बसावं लागतं. आधी पाणी, मग कोकमचं सरबत, मग "चहा तर घ्यालच." आतून काकू येतात, मला आत नेतात, चुलीवरच्या ओल्या काजूच्या उसळीला काय वाटण लावलंय ते दाखवतात, विहीर दाखवतात, भाऊबंदकीत अडकलेली पडवी दाखवतात आणि तिची पूर्ण हकिगत सांगतात. बाहेर नवरा आणि घरातले काका समोरासमोर बसून दोन वाक्यांत सगळं बोलून मोकळे झालेले असतात आणि माडाकडे बघत असतात.

त्याच्या हिशेबी हा टप्पा दोनशे मीटरचा. ॲप आपोआप थांबतं, "तुम्ही थकलात का?" असं विचारतं. नवऱ्याला तो स्वतःचा अपमान वाटतो.

"अगं, अशानं आपण पोचणार कधी?"

"कुठे?"

"पुढे."

पुढच्या आगराचं बेडं समोर दिसतच होतं.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला पाखाडीनं चढून गेलो. गणपती उजव्या सोंडेचा. त्याच्यासमोर माणूस जरा जपूनच वागतो, त्यामुळे पायऱ्या मोजणं नवऱ्यानं मनातल्या मनात केलं. वरून पाहिलं तर माडांच्या झावळ्यांपलीकडे समुद्र आणि दूर पाण्यात सुवर्णदुर्ग. उतरताना आमच्यात वाद झाला. त्याला पुळणीनं जायचं होतं, मला गावातून. निवाडा कुणाकडून घ्यावा म्हणून एका रिक्षावाल्याला विचारलं. त्यानं दोघांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, दोघांनाही रिक्षात बसवलं, हर्णैला सोडलं आणि पैसे घेतले. मग हा रिक्षाचा टप्पा मोजणीत धरायचा की नाही, यावर नवा वाद.

सुवर्णदुर्ग होडीतून जवळून पाहिला तेव्हा कळलं की घरच्या वादात बाहेरचा पंच बोलावण्याची या पाण्याला जुनी सवय आहे. किल्ला तुळाजी आंग्र्यांकडे होता. आंग्रे आणि पेशवे यांचं बिनसलेलं. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं, आणि १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सनं समुद्रातून तोफा डागून किल्ला घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्गचं आंग्र्यांचं आरमार जळालं. या मदतीपोटी इंग्रजांच्या पदरात बाणकोट पडलं. रिक्षावाल्यानं त्या मानानं फारच कमी घेतलं होतं.

हर्णैला दुपार कलल्यावर मासळीचा लिलाव लागतो. होड्या किनाऱ्यापासून आत उभ्या राहतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी वाळूवर आणतात, आणि टोपल्यांभोवती माणसांचं कोंडाळं होऊन बोली लागते. बोली कोण लावतंय ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. एकाची भुवई हलते, दुसऱ्याची मान, आणि ढीग विकला गेलेला असतो. नवऱ्यानं टोपल्या मोजायला घेतल्या. तिसऱ्या टोपलीशी त्याला एका कोळणीनं विचारलं, "घेयाची हाय का नुसती नजर लावताय?" नजर काढण्यासाठी म्हणून मी एक सुरमई घेतली.

आता सुरमई घेणं सोपं. मुरूडच्या मुक्कामापर्यंत ती हातात धरून चालणं हे वेगळं काम आहे. सुरुवातीला आमच्यामागे एक कुत्रा होता. सालदुऱ्याच्या बाजूला चार झाले. मांजरं मोजायचं नवऱ्यानं सोडून दिलं. त्याच्या ॲपमध्ये आजही त्या संध्याकाळच्या वेगाची नोंद आहे, आणि ती साऱ्या प्रवासातली सर्वोत्तम आहे.

मुरूडला पोचलो तेव्हा नवऱ्याच्या टाचेला फोड आला होता. त्यानं फोडाचा व्यास पाहिला, वहीत लिहिला आणि उद्या विश्रांती घ्यावी का असा विषय काढला. पण मुरूड हे फोडाचं कौतुक करून घेण्याचं गाव नव्हे. हे महर्षी कर्व्यांचं गाव. सतरा वर्षांचे असताना ते इथून मित्रांबरोबर, भर पावसात घाट चढून परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेले. तिथे साहेबानं त्यांच्याकडे बघितलं, हा मुलगा सतराचा वाटत नाही असा निर्णय दिला आणि परीक्षेला बसू दिलं नाही. मग कर्वे तेवढंच अंतर परत. हे मी नवऱ्याला जेवताना सांगितलं. तो सुरमईचा काटा काढत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेबानं जन्मतारीख तपासायला हवी होती." मोजणाऱ्या माणसाला कुणाची दया येते ते असं कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो टाचेला खोबरेल लावून माझ्याआधी दारात उभा होता.

कर्दे, लाडघर, कोळथरे करत आम्ही दाभोळला आलो. तिथल्या चंडिकेच्या गुहेत वाकून शिरावं लागतं आणि आत उजेड समयांचाच. नवऱ्यानं सवयीनं डोक्यावरच्या दिव्याला हात घातला. आतून "दिवा नको!" असा आवाज आला आणि त्या सगळ्या प्रवासात एवढी एकच जागा अशी निघाली की जिथे त्यानं काही मोजलं नाही. त्याला काही दिसलंच नाही. "छान वाटलं," असं तो बाहेर येऊन म्हणाला, आणि आपण असं का म्हणालो याचा त्याला स्वतःलाच अचंबा वाटला.

दाभोळला वाशिष्ठी आडवी येते. वाशिष्ठी काय, पुढची शास्त्री काय, सह्याद्रीतून उतरून येतात, आणि भरती लागली की समुद्र त्यांच्यात मैलोन् मैल आत शिरतो. त्यामुळे कोकणात पलीकडचं गाव दिसतं, त्या गावचा कोंबडा ऐकू येतो, कुणाकडे मासे तळताहेत तेही वासावरून कळतं. आणि रस्त्यानं जायचं तर आधी चिपळूण लागतं. संसारही असाच असतो. माणूस समोर बसलेला दिसतो, त्याचं बोलणं ऐकू येतं, पण त्याच्यापर्यंत पोचायला चिपळूणवरून जावं लागतं.

सुदैवानं इथे फेरीबोट आहे. २००३ पासून दाभोळहून धोपाव्याला माणसं, मोटारी, टेम्पो, स्कूटर सगळ्यांना एका फळीवर घेऊन ती खाडी ओलांडते. फेरीवर माणसाचा स्वभाव उघडा पडतो. मोटारीतली माणसं मोटारीतच बसून राहतात, पैसे भरून आणलेला एसी वाया जाऊ नये म्हणून. स्कूटरवाले स्कूटरवरून उतरत नाहीत, कारण ती पडेल. आम्ही पायी आलेलो, त्यामुळे आमच्याकडे सांभाळायला काही नव्हतं. कठड्याला टेकून उभे राहिलो. अंजनवेलच्या बाजूला वीजप्रकल्पाच्या उंच चिमण्या, त्याच्याही पलीकडे गोपाळगडाचा डोंगर. नवऱ्यानं फोन काढला आणि बघतो तर ॲप आनंदानं पळत होतं. आम्ही उभे होतो आणि ते मीटर वाढवत होतं.

"हे धरायचं नाही," तो कासावीस होऊन म्हणाला.

"का? पाण्यावरून का होईना, गेलो ना आपण?"

"पाय हलले नाहीत."

मी तिथल्या तिथे चार पावलं पुढे-मागे केली. त्याला ते मान्य झालं नाही.

गुहागरनंतर खरा प्रश्न समुद्राच्या वेळापत्रकाचा आला. वेळणेश्वराहून हेदवीला जायचं, तर ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवरून जितकं जमेल तितकं उरकावं आणि मग वर सड्यावर चढावं. पण हेदवीला उमामहेश्वराच्या देवळाशी खडकात बामणघळ आहे. ती अरुंद भेग भरतीलाच बघायची. पाणी जोरानं आत घुसतं, पुढे जायला जागा नाही, मागून दुसरी लाट रेटते, आणि सगळं पाणी उभं आकाशात उडतं. म्हणजे चालायला ओहोटी हवी आणि पोचल्यावर भरती. नवऱ्यानं भरतीचं ॲप उघडलं. ॲपनं गोल चक्र फिरवलं. आजूबाजूला जांभ्याच्या टेकड्या, नेटवर्क टेकडीपलीकडे. तो फोन हातात उंच धरून अंगणभर फिरू लागला.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशी घावनं घालत होत्या. त्यांनी उलथनं न थांबवता विचारलं, "तिथी काय आज?"

मी फेब्रुवारीचं पान काढलं. "तृतीया."

"तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला पाणी भरलेलं असेल. त्याच्या सहा तास अलीकडे ओहोटी. आत्ता निघा, वाळूवरून जा, सड्यावर ऊन लागेल ते लागेल, दोनला घळीशी असाल. पुनवेला उधाण होऊन गेलंय, पाणी चांगलं उडेल. अष्टमीला आला असतात तर भांगाचं पाणी, काही दिसलं नसतं."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. किनाऱ्यावरची पोरंसोरंही हा पाढा जाणतात. चंद्र रोज पाऊण-पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागून, इतकं साधं गणित. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाव शतक त्यानं सूक्ष्ममापकानं मापं घेतली आणि इथे एक बाई चंद्रानं समुद्र मोजत होती, तेही घावन न करपवता.

तेवढ्यात फोनला क्षणभर नेटवर्क आलं. "बघ!" तो ओरडला. "सव्वादोन नाही. दहा मिनिटांचा फरक आहे!"

मावशींनी घावन ताटात टाकलं. "मग समुद्राला सांगा."

सडा म्हणजे काय ते सड्यावर दुपारी गेल्याशिवाय कळत नाही. खालून घाटी चढून आलं की कातळाचं सपाट मैदान, क्षितिजापर्यंत पिवळं वाळलेलं गवत, मधेच आंब्याची नवी कलमं मोहरानं लगडलेली, आणि सावलीला तुमची स्वतःची टोपी. पावसाळ्यात हाच कातळ फुलांनी भरतो म्हणतात. फेब्रुवारीत त्यानं ती सगळी फुलं मनात ठेवलेली असतात. एक गुराखी भेटला. त्याला विचारलं, "हेदवी किती लांब?"

"लांब कुठं? सडा उतरलाव की हेदवी."

"सडा किती आहे?"

"सडा मोटा हाय."

या उत्तरात चूक काढायला जागा नव्हती. कोकणी माणूस अंतर सांगत नाही, तो धीर देतो. पुढच्या वळणावर, हाकेवर, हे काय आलंच, ही सगळी औषधं आहेत आणि गुणकारी आहेत. "अजून साडेचार किलोमीटर" असं जर कुणी सांगितलं असतं, तर मी तिथेच एका कलमाखाली बसले असते. "हे काय आलंच" या आधारावर मी हेदवीपर्यंत गेले.

बामणघळीशी पोचलो तेव्हा घड्याळात दोन वाजून गेले होते. आधी खडकाच्या पोटात घुमल्यासारखा आवाज, मग क्षणभर काही नाही, मग एकदम पांढरं पाणी उभं. कुणाच्या तरी मुलाची टोपी भिजली, आणि मुंबईहून आलेलं, सेल्फीसाठी जमलेलं एक कुटुंब किंचाळत विखुरलं. नवरा प्रत्येक लाटेची वेळ लिहू लागला. सव्वादोनच्या आसपास सगळ्यात मोठी उडाली. दहा मिनिटांच्या फरकाचा विषय त्यानं परत काढला नाही.

तवसाळहून शास्त्रीची खाडी ओलांडली, जयगडला उतरलो, मालगुंडला केशवसुतांच्या घराशी थांबलो आणि शेवटी गणपतीपुळ्याला पोचलो. तिथे देव डोंगरच आहे, त्यामुळे प्रदक्षिणा डोंगराला. मीटर वाढले, गाव बदललं नाही, आणि तरीही नवऱ्यानं तक्रार केली नाही, हे त्या देवाचं माहात्म्य.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. त्याच्या फोनमध्ये केळशीपासूनची सगळी पावलं. समाधानानं आकडा वाचून झाल्यावर तो सहज म्हणाला, "तुझाही फोन मोजत असेल, बघ." माझा फोन मी फक्त फोटोंसाठी नेला होता. तो गुपचूप मोजत राहिला होता हे मला ठाऊकच नव्हतं. उघडून बघितलं तर माझा आकडा त्याच्याहून मोठा. थोडाथोडका नाही, चांगलाच मोठा.

"शक्य नाही. आपण बरोबरच चाललो."

"तू ओटीवर बसायचास. मी आत जायचे. विहिरीपर्यंत, गोठ्यापर्यंत, पडवीच्या वादापर्यंत."

"शिवाय तुझं पाऊल लहान आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "लहान पावलानं मोजलं की आकडा मोठाच येणार!"

"तुझा मँडेलब्रॉट दुसरं काय म्हणतोय?"

त्यानं बराच वेळ दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून बघितले. मापं तपासणारा माणूस अप्रामाणिक नसतो, हा त्याचा गुण. "म्हणजे एकाच किनाऱ्यावर तुझा किनारा माझ्याहून लांब," असं तो शेवटी म्हणाला, आणि वहीत दोन्ही आकडे लिहिले. खाली सही करू का, असंही मला विचारलं.

चालणं संपलं, पण त्याला आणखी एक गोष्ट बघायची होती. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसं आणि न उलगडणाऱ्या आकृत्या आहेत. कशेळीचा हत्ती तर अवाढव्य. २०२२ मध्ये या कातळशिल्पांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलं. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे या गावच्या सड्यावर एक मनुष्याकृती आहे, आणि तिथे होकायंत्र दिशा चुकतं, खडकातल्या चुंबकत्वामुळे. होकायंत्र पाठीवर वागवत आणल्याचं सार्थक करायची त्याची ही शेवटची संधी. एसटीनं गेलो. माझं तिकीट अर्धं, त्याचं पूर्ण. हा फरक मी त्याला अगदी मोजून दाखवला.

सड्यावर वाऱ्याला ऊत आला होता. नवऱ्यानं होकायंत्र शिल्पावर ठेवलं. सुई भरकटली. त्यानं ते उचलून जरा पलीकडे ठेवलं, सुईनं पुन्हा वेगळीच उत्तर काढली. मग फोनमधलं होकायंत्र. त्याचं तिसरंच मत. तो सूर्याकडे बघे, सुईकडे बघे, आणि आलेली पायवाट कुठली ते शोधू लागे. गवतात सगळ्याच वाटा आलेल्या दिसत होत्या आणि गेलेल्याही.

शेवटी त्यानं दोन्ही यंत्रं खिशात घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "अगं, ह्यांचं काही खरं नाही. तूच सांग, कुठून जायचं?"

"काय म्हणालास?"

त्यानं परत म्हटलं.

"वारा आहे रे, नीट ऐकू नाही आलं." मी माझा फोन त्याच्या तोंडापुढे धरला. "ह्याच्यात बोल."

"ह्याच्यात कशाला? इथे नेटवर्क कुठंय?"

"रेकॉर्डिंगला लागत नाही," मी म्हटलं. "बोल, सावकाश."